नोंद नसलेला बोजा : मोहने येथील कारखान्याची जमीन आणि भूशुद्धीच्या सार्वजनिक खर्चाचा प्रश्न

१

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहाड मागे पडले की आंबिवलीचे स्थानक येते. या स्थानकाच्या परिसरात, उल्हास आणि काळू या दोन नद्यांच्या सान्निध्यात, मोहने हे गाव वसले आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन या कंपनीने येथे आपला कारखाना उभारला, आणि पुढील अर्धशतकाहून अधिक काळ मोहने हे नाव व कारखान्याचे नाव जणू एकमेकांचे पर्याय झाले. कृत्रिम रेशीम, टायरसाठी लागणारे दोर आणि कॉस्टिक सोडा ही त्याची प्रमुख उत्पादने होत. कामगारांची वसाहत, बाजार आणि मराठवाड्यापासून उत्तर भारतापर्यंतच्या प्रदेशांतून आलेल्या कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्या, एवढा सगळा संसार या एका कारखान्याभोवती उभा राहिला. २००९ च्या नोव्हेंबरात कारखान्याला टाळे लागले, ते पुन्हा उघडले नाही.

टाळेबंदीनंतरच्या वर्षांत या जमिनीवर अनेकांनी आपला हक्क सांगितला. कामगारांनी थकलेले वेतन व उपदान मागितले. कर्ज देणाऱ्यांनी आपले कर्ज मागितले. महानगरपालिकेने मालमत्ता कराची बाकी दाखविली. हे सर्व दावे कागदावर आले, त्यांची बेरीज झाली आणि त्यांवर न्यायासनांपुढे युक्तिवादही झाले. एक दावा मात्र कोणत्याही यादीत ठळकपणे दिसत नाही. तो आहे खुद्द जमिनीचा. रासायनिक उद्योगाने साठ वर्षे वापरलेली भूमी पुढच्या उपयोगासाठी निर्धोक करावयाची, तर खर्च येतो. तो खर्च कोणी द्यावयाचा, आणि उत्पादकाऐवजी तो सार्वजनिक तिजोरीतून द्यावा लागला, तर त्या पैशाचे स्वरूप काय समजावयाचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

महाराष्ट्राच्या महसुली भाषेत जमिनीवरील देण्याला ‘बोजा’ असा शब्द आहे. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा, सोसायटीचा किंवा शासनाच्या तगाईचा बोजा चढतो, आणि कर्ज फिटल्यावर तो उतरतो. बोजा चढलेली जमीन विकत घेणारा तो डोळ्यांनी पाहून घेतो, त्यामुळे मागाहून तक्रार करण्यास त्याला जागा उरत नाही. मातीत मुरलेल्या विषाला असा बोजा का मानला गेला नाही, हा प्रश्न प्रथमदर्शनी शब्दांचा वाटतो. वस्तुतः तो राज्यसंस्थेच्या नोंदवहीचा आणि म्हणून इतिहासाचा प्रश्न आहे.

२

मातीतील दोष लिहून ठेवण्याची पद्धत या प्रांताला अपरिचित नव्हती. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीचा पाया घालणारे गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांचे संयुक्त प्रतिवृत्त १८४७ सालचे आहे. त्यात शेतातील मातीची प्रत ठरविण्याची जी रीत सांगितली आहे, ती आजही लक्षपूर्वक अभ्यासावी अशी आहे. मातीचा रंग व पोत पाहावयाचा, तिची खोली हातांच्या मापाने मोजावयाची, आणि तीनुसार तिला नऊ प्रतींपैकी एका प्रतीत बसवावयाचे. एवढ्यावर काम संपत नसे. चुनखडीचे गोटे, वाळूची भेसळ, उताराचा पृष्ठभाग, पाणी न मुरणे, पाण्याच्या लोंढ्याने वाहून जाण्याचा संभव, पृष्ठभागावर साचणारे जादा पाणी अशा प्रत्येक दोषाला एक ठराविक खूण होती. शेताच्या आकृतीवर ती खूण पडली की जमीन एका प्रतीने खाली येई आणि तिच्यावरील आकार त्या प्रमाणात घटे.

महसूल गोळा करणाऱ्या परक्या सत्तेने एवढी बारकाई का दाखविली? उत्तर उघड आहे. मातीचा दोष दुर्लक्षिला तर आकार जादा बसतो, रयत जमीन सोडून जाते आणि तिजोरी रिकामी राहते. दोषाची नोंद ही दयाबुद्धीने झालेली नव्हती; दोषाचा भुर्दंड शेवटी सरकारलाच पडत होता, म्हणून ती झाली. नोंदवही त्याच गोष्टी पाहते ज्यांच्यामुळे तिच्या मालकाचे काही तरी कमी-अधिक होते, हा नियम या उदाहरणावरून स्पष्ट व्हावा.

त्याच परंपरेतून ‘पोटखराब’ हा शब्द आजच्या अधिकार अभिलेखापर्यंत आला आहे. सर्व्हे नंबराच्या पोटात असलेला, पण लागवडीस अयोग्य असा तुकडा म्हणजे पोटखराब. त्याचे दोन वर्ग आहेत : खडक, नाला, खड्डा यांसारख्या कारणांनी नापीक असलेला वर्ग ‘अ’, आणि रस्ता, पाणवठा, दहनभूमी अशा सार्वजनिक उपयोगासाठी राखलेला वर्ग ‘ब’. निसर्गाने केलेली खराबी आणि समाजाने राखलेली खराबी या दोहोंना नाव मिळाले. उद्योगाने केलेल्या खराबीला मात्र मिळाले नाही. याचेही कारण त्याच नियमात आहे. जमीन बिगरशेती झाली की तिची प्रत पाहण्याचे प्रयोजन संपते. आकारणी क्षेत्रफळावर व उपयोगावर होते, मातीच्या गुणावर नव्हे. ज्या क्षणी मोहने येथील भातखाचरे आणि वरकस जमिनी कारखान्याच्या झाल्या, त्या क्षणापासून शासनाच्या दप्तराला त्यांच्या मातीत रस उरला नाही. पुढची साठ वर्षे तिच्यात काय मुरत गेले, हे लिहिण्यास रकाना नव्हता.

३

काय मुरू शकते, याची कल्पना येण्यासाठी रेयॉनच्या निर्मितीची प्रक्रिया थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे. लाकडाचा शुद्ध लगदा प्रथम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजविला जातो. नंतर त्याच्यावर कार्बन डायसल्फाइड या अतिशय ज्वालाग्राही व मज्जासंस्थेस घातक अशा द्रवाची क्रिया होते, आणि ते मिश्रण पुन्हा सोड्यात विरघळविले की मधासारखा दाट द्रव तयार होतो. त्यालाच व्हिस्कोज म्हणतात. हा द्रव बारीक छिद्रांतून सल्फ्यूरिक आम्लाच्या कुंडात सोडला की त्याचा धागा बनतो. त्या कुंडात सोडियम सल्फेटबरोबर झिंक सल्फेटही असते. त्यामुळे आम्ल, गंधकाची संयुगे व जस्त ही व्हिस्कोज उद्योगाच्या सांडपाण्याची ओळखीची लक्षणे होत.

कॉस्टिक सोड्याची निर्मिती हा याच उद्योगाचा दुसरा पाय. मिठाच्या पाण्यातून वीज सोडून सोडा व क्लोरीन वेगळे काढण्याच्या ज्या पद्धती विसाव्या शतकात रूढ होत्या, त्यांतील एकीत पारा वापरीत. पारा सोडियमला धरतो, पुढच्या पात्रात त्याला सोडतो आणि पुन्हा फिरून कामास येतो, असे या पद्धतीचे तत्त्व आहे. परंतु प्रत्येक फेऱ्यात पाऱ्याचा थोडा अंश हवेत, पाण्यात आणि गाळात निसटतो. भारतातील सोडा-उद्योगाने पाऱ्याची ही पद्धत २०१२ पर्यंत सोडून द्यावी, असे २००३ च्या केंद्रीय सनदेने ठरविले. उल्हासच्या खाडीतील गाळात साठलेल्या पाऱ्याचा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने या पाऱ्याचा संबंध नदीकाठच्या सोडा-क्लोरीन कारखान्यांशी जोडला. सेंद्रिय विष काळाच्या ओघात विघटित होऊ शकते. धातूचे तसे होत नाही. पारा एका रूपातून दुसऱ्या रूपात जातो, गाळातून माशात आणि माशातून माणसात येतो, पण नाहीसा होत नाही.

येथे कालक्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ साली केला आणि १९७० साली राज्याचे मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलकायदा १९७४ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा १९८६ चा. म्हणजे कल्याण परिसरातील युद्धोत्तर कारखान्यांनी सुमारे दोन दशके अशी काढली की, सांडपाणी कोठे सोडावे याविषयी त्यांना विचारणारा विशेष कायदाच अस्तित्वात नव्हता. आणि पुढे जे कायदे झाले, त्यांची दृष्टी नळीच्या तोंडाशी होती. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे व धुराचे प्रमाण ते मोजीत. कुंपणाच्या आतील मातीकडे पाहत नसत. बंद पडलेल्या कारखान्याला नळीचे तोंड राहत नाही. त्यामुळे उत्पादन थांबले त्याच दिवशी नियमनाचे मोजमापही थांबते, माती मात्र आहे तेथेच असते.

म्हणूनच मोहने येथील भूमीविषयी नेमके विधान करावयाचे तर ते प्रक्रियेच्या ज्ञानावरून करता येत नाही. कोणता पदार्थ कोठे, किती खोल आणि किती प्रमाणात आहे, हे जमिनीत छिद्रे घेऊन व भूजल तपासूनच ठरते. प्रक्रियेचे ज्ञान एवढेच सांगते की, तपासणी केल्याशिवाय ही जमीन निर्दोष मानण्यास आधार नाही.

४

बंद कारखान्याच्या जमिनीची वाटणी हा विषय महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर हाताळला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने त्यांच्या जमिनीची त्रिभागणी सुचविली : एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक भाग घरबांधणीसाठी गृहनिर्माण प्राधिकरणास, आणि एक भाग मालकास. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या वादात कामगारांची घरे, शहरातील मोकळी जागा आणि मालकांचा नफा यांवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले. रंगाई, धुलाई आणि कोळशाच्या भट्ट्या शंभर वर्षे जेथे चालल्या, तेथील मातीचा विषय मात्र त्या त्रिभागणीच्या बाहेरच राहिला. जमीन म्हणजे क्षेत्रफळ, हीच समजूत दोन्ही पक्षांची होती.

मोहने येथील प्रकरण पुढे दिवाळखोरी प्रक्रियेत गेले आणि जमीन अदानी समूहाकडे आली. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचे या दृष्टीने दोन विशेष नमूद केले पाहिजेत. संहितेच्या त्रेपन्नाव्या कलमात कंपनीचे विसर्जन झाल्यास पैसे कोणत्या क्रमाने वाटावयाचे, ते सांगितले आहे. प्रक्रियेचा खर्च प्रथम. नंतर कामगारांचे चोवीस महिन्यांचे देणे आणि तारण असलेल्या धनकोंचे कर्ज बरोबरीने. शासनाची येणी त्याच्याही खाली. दुसरा विशेष असा की, पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली म्हणजे तीत समाविष्ट नसलेले जुने दावे संपुष्टात येतात. २०२१ च्या घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व निःसंदिग्धपणे मांडले. शासनाची देणीही त्यातून सुटली नाहीत. नव्या धन्याने कोऱ्या पाटीने आरंभ करावा, हा त्यामागील हेतू, आणि व्यापारी व्यवहारापुरता तो योग्यही आहे.

पण पाटी कोरी होते ती कागदाची. दावा दाखल करण्यासाठी धनको लागतो. कामगारांचा संघ असतो, बँकेचा वकील असतो, पालिकेचा कर-विभाग असतो. मातीच्या वतीने ठराविक मुदतीत आकडा घेऊन उभा राहणारा कोणी नसतो, कारण आकडा काढण्यासाठी जी तपासणी लागते ती कोणीच केलेली नसते. अशा रीतीने जे देणे सर्वांत दीर्घायुषी आहे, तेच सर्वांत आधी पुसले जाण्याची शक्यता उत्पन्न होते. ऋण शिल्लक राहते. ऋणको कोण, हे सांगणारा कागद नाहीसा होतो. आणि ज्या ऋणाला ऋणको नाही, ते फेडण्याची पाळी शेवटी सार्वजनिक तिजोरीवर किंवा तेथे राहणाऱ्यांच्या शरीरावर येते.

५

ही पाळी इतरत्र कशी आली, याची काही उदाहरणे उद्बोधक आहेत.

राजस्थानात उदयपूरजवळील बिछडी या गावी रंगनिर्मितीस लागणारे एच-आम्ल बनविणाऱ्या कारखान्यांनी विहिरी व शेते निकामी केली. १३ फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात ‘जो दूषित करील त्याने भरावे’ हे तत्त्व भारतीय विधीचा भाग म्हणून लागू केले आणि शुद्धीचा खर्च कंपन्यांकडून वसूल करण्याचा आदेश दिला. त्यांची मालमत्ता जप्त ठेवण्यास सांगितले. खर्चाचा अंदाज ३७ कोटी ३८ लाख ५० हजार रुपये ठरला. तो भरण्याची टाळाटाळ इतकी चालली की, २०११ साली न्यायालयाला दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याजासह रक्कम भरण्याचा हुकूम करावा लागला. तत्त्व निश्चित होते, ऋणको जिवंत होता, तरीही पंधरा वर्षे गेली.

भोपाळ येथे याहून निराळे घडले. युनियन कार्बाइडच्या आवारात १९८४ च्या दुर्घटनेनंतर पडून राहिलेल्या विषारी कचऱ्यापैकी ३३७ टन २०२५ च्या जानेवारीत पीथमपूर येथे नेण्यात आला आणि त्याच वर्षी जाळण्यात आला. त्यासाठी केंद्र सरकारने राज्याला १२६ कोटी रुपये दिले. म्हणजे येथे भारतीय करदात्याने खर्च केला, तोही चाळीस वर्षांनी. आणि आवारातील माती व भूजल यांचा प्रश्न त्या ३३७ टनांत आलेला नव्हता. पीथमपूरच्या रहिवाशांनी या स्थलांतराला केलेला विरोध हे या प्रकरणाचे दुसरे अंग होय. ‘सफाई’ हा शब्द येथे फसवा आहे; घर झाडल्यावर केर दाराबाहेर जातो, पण तो कोणाच्या तरी दारात पडतोच.

जपानच्या मिनामाता उपसागरातील पाऱ्याचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. पाऱ्याचा विसर्ग १९६८ पर्यंत चालू राहिला. १९७७ ते १९९० या काळात उपसागरातील सुमारे १५ लाख घनमीटर गाळ उपसून किंवा जागीच बंदिस्त करून ५८ हेक्टर नवी भूमी तयार करण्यात आली. खर्च सुमारे ४,८५० कोटी येन झाला. त्यांपैकी सुमारे ३,०५० कोटी चिस्सो कंपनीने व उरलेला शासनाने उचलला. रुग्णांना भरपाई देता देता कंपनी डबघाईस आली, तेव्हा १९७८ पासून कुमामोतो प्रांताने कर्जरोखे काढून तिला पैसे पुरविले. कंपनी बुडाली असती तर भरपाई देणाराच नाहीसा झाला असता. म्हणून सार्वजनिक पैसा दूषकाला दान म्हणून नव्हे, उसना म्हणून दिला गेला. हा भेद महत्त्वाचा आहे.

अमेरिकेत लव्ह कॅनाल येथे पुरलेल्या रसायनांवर घरे व शाळा बांधल्याचे १९७८ साली उघडकीस आले. त्यातून १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा निर्माण झाला. खनिज तेल व रसायने यांवर कर बसवून निधी उभारावयाचा, जेथे दूषक सापडत नाही तेथे त्या निधीतून शुद्धी करावयाची, आणि दूषक पुढे सापडल्यास त्याच्याकडून वसुली करावयाची, ही त्याची योजना. १९९५ च्या अखेरीस तो कर संपला, निधी आटत गेला आणि भार सर्वसाधारण करदात्यावर आला. २०२१ व २०२२ च्या कायद्यांनी ते कर पुन्हा बसविले. या कायद्यातील एक अल्पचर्चित तरतूद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. १९८६ च्या दुरुस्तीने शासनाने केलेल्या शुद्धीच्या खर्चाचा बोजा त्या जमिनीवर चढविण्याची सोय झाली. २००२ साली तीत आणखी भर पडली : निर्दोष खरेदीदाराने दूषित जमीन घेतली, शासनाने ती स्वच्छ केली आणि तिची किंमत वाढली, तर त्या वाढीपुरता शासनाचा बोजा जमिनीवर राहावा. खरेदीदाराला दंड नाही. पण करदात्याच्या पैशाने झालेला नफाही त्याला फुकट नाही.

६

भारत सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. त्या सुमारास देशात १०३ दूषित स्थळे निश्चित झालेली होती आणि त्यांपैकी केवळ सात ठिकाणी शुद्धीचे काम सुरू झाले होते. नियमांची रूपरेषा अशी : जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा, राज्य मंडळाने अथवा तज्ज्ञ संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावी, संशय दृढ झाल्यास पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी व्हावी, जबाबदार व्यक्ती ठरवून तिच्याकडून खर्च घ्यावा, आणि ती सापडत नसेल किंवा तिला सामर्थ्य नसेल तर केंद्र व राज्य यांनी खर्चाची व्यवस्था करावी. शुद्धी अमुक काळात पुरी झालीच पाहिजे, असे बंधन त्यांत नाही. तरीही कुंपणाच्या आतील मातीकडे पाहणारी ही या देशातील पहिली सर्वसाधारण नियमावली आहे, आणि या अर्थाने १८४७ च्या दोष-खुणांशी तिचे दूरचे नाते आहे.

या नियमांचा सारा डोलारा पहिल्या पायरीवर उभा आहे. कोणी तरी ‘हे स्थळ संशयित आहे’ असे लिहिले पाहिजे. मोहनेसारख्या ठिकाणी ते लिहिण्याचा मोह कोणालाच होत नाही. नव्या मालकाला जमिनीचा उपयोग लवकर सुरू करावयाचा असतो. स्थानिक संस्थेला कर हवा असतो. रोजगाराची आशा असलेल्या गावकऱ्याला दूषित गावाचा शिक्का नको असतो. शिवाय स्थानिक संस्था नेहमी तटस्थ साक्षीदार असतात असेही नाही. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविषयी ‘वनशक्ती’ या संस्थेने दाद मागितली, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली सामाईक सांडपाणी केंद्रांबरोबर या भागातील नागरी संस्थांवरही पुनःस्थापनेच्या खर्चाचा भार टाकला होता.

२०२५ साली मोहने येथील जमिनीवर सिमेंट दळण्याचा कारखाना उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, त्यावर जाहीर सुनावणी झाली, आणि परिसरातील ग्रामस्थांनी त्याला विरोध केला. चर्चा साहजिकच येऊ घातलेल्या धुळीची झाली. परंतु जुन्या मातीचा प्रश्न नव्या उपयोगाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. कोडाईकनाल येथील पाऱ्याच्या तापमापकांचा कारखाना २००१ साली बंद पडल्यावर तेथील माती किती स्वच्छ करावयाची यावर दीर्घ वाद झाला; एका किलो मातीत २० मिलिग्रॅम पारा चालेल की त्याहून पुष्कळच कमी असावा, या एका आकड्यावर खर्चाचे प्रमाण अवलंबून होते. जेथे मुले खेळणार तेथील माप वेगळे, आणि जेथे यंत्रे उभी राहणार तेथील वेगळे. म्हणजे जमिनीचा उपयोग आधी ठरवून शुद्धी मागाहून पाहणे हे गणित उलट्या बाजूने सोडविण्यासारखे आहे. सिमेंटचा पाया एकदा घातला की त्याखालील माती तपासण्याची संधी कित्येक दशकांसाठी जाते.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो, आणि तो हलका नाही. मातीचा बोजा जमिनीवर चढविला तर जमिनीची किंमत उतरेल; किंमत उतरली तर दावेदारांना मिळणारी रक्कम घटेल, आणि त्या दावेदारांत कामगारही आहेत. ज्यांनी आयुष्य कार्बन डायसल्फाइडच्या वासात काढले, त्यांच्या देण्यातून मातीचे देणे वळते करून घेणे हा दुहेरी अन्याय होईल. हा आक्षेप मान्य करूनच मार्ग शोधला पाहिजे. अमेरिकेच्या २००२ च्या तरतुदीचे महत्त्व येथे कळते. बोजा जमिनीच्या जुन्या किमतीवर नव्हे, शुद्धीमुळे होणाऱ्या वाढीवर चढवावयाचा. मग कामगारांच्या हिश्शाला धक्का लागत नाही, खरेदीदाराने मोजलेली किंमत बुडत नाही, आणि शासनाने आधी घातलेला पैसा जमीन पुढे विकली, विकसित केली किंवा तिचा उपयोग बदलला, की त्या वाढीतून परत येतो. सार्वजनिक पैसा मग अनुदान राहत नाही. ती तगाई होते. दुष्काळात विहीर खणण्यासाठी दिलेली तगाई सातबाऱ्यावर चढे आणि पिकाच्या उत्पन्नातून फिटे, ही रीत या राज्यातील शेतकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाची आहे. लहान शेतकऱ्याला जो नियम लावला, तो मोठ्या भूखंडाला लावू नये असे म्हणण्यास तात्त्विक आधार सापडणे कठीण आहे.

त्यासाठी मोठ्या यंत्रणेची गरज नाही. अधिकार अभिलेखात रकाना आहे, बोजा हा शब्द आहे, त्याची चढ-उतार करणारे तलाठी दप्तर आहे. उणीव आहे ती तपासणीच्या निष्कर्षाला त्या रकान्यात प्रवेश देणाऱ्या तरतुदीची. निर्दोष निघाली तर तशीही नोंद व्हावी. त्यात मालकाचेही हित आहे, कारण संशयाने उतरणारी किंमत प्रमाणाने सावरते. सदोष निघाली तर दोषाचे स्वरूप, खोली आणि खर्चाचा अंदाज लिहिला जावा. खर्च कोणी करावा हा वाद त्यानंतर चालू शकतो, आणि तो पुष्कळ वर्षे चालेलही. पण नोंद असेल तर वादाच्या काळात जमीन हातोहात फिरूनही देणे हरवत नाही.

मोहने येथील वसाहतीत वाढलेल्या अनेक कुटुंबांच्या दृष्टीने कारखान्याचा हिशेब अजून मिटलेला नाही. त्या हिशेबात वेतनाची बाकी आहे, घरांची बाकी आहे. १८४७ च्या मोजणीदाराने आपल्या धन्याच्या महसुलासाठी भातखाचरातील पाण्याचा दोषही खुणेने दाखविला होता. त्याच भूमीतील साठ वर्षांच्या उद्योगाची खूण कोणत्याही नकाशावर नसावी, ही बाकी मात्र त्या कुटुंबांची एकट्याची नाही. ती उल्हासचे पाणी पिणाऱ्या सर्वांची आहे, आणि नोंद झाल्याखेरीज ती फिटणार नाही.